ठोक्यातून गाणं : रोमँटिक काळातलं पियानो रेसायटल समजून घेताना

पियानोची पट्टी दाबून झाली की त्या स्वरावरचा वादकाचा ताबा जवळजवळ संपतो. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते, तिच्या मागच्या टोकाकडची यंत्रणा नमद्यानं (दाबलेल्या लोकरीनं) मढवलेला हॅमर, म्हणजे छोटी हातोडी, वर फेकते आणि तारेला भिडण्याआधीचा शेवटचा एक-दोन मिलिमीटरचा टप्पा तो हॅमर यंत्रणेपासून सुटून, मिळालेल्या वेगावर एकटाच पार करतो. तार वाजते, हॅमर मागे पडतो. त्यानंतर बोट पट्टीवर कितीही रेटलं तरी आवाजात काहीच भर पडत नाही. वाजल्या क्षणापासून तो विझायला लागलेला असतो.

पेटी ऐकत वाढलेल्या कानांना हा फरक चटकन कळेल. पेटीवर भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो, हवा तेव्हा फुगवता येतो. पण एकाच वेळी दाबलेल्या तीन पट्ट्यांना तीन वेगळी वजनं देता येत नाहीत. पियानोचं नेमकं उलटं आहे. स्वर टिकत नाही, फुगत नाही, मींड तर शक्यच नाही. मात्र दहा बोटांखालचे दहा स्वर एकाच क्षणी दहा वेगळ्या वजनांनी वाजवता येतात.

साधारण १८३० ते १८९० या, रोमँटिक म्हटल्या जाणाऱ्या काळात शोपँ, शूमान, लिस्ट आणि ब्राम्स या संगीतकारांनी या ठोक्याच्या वाद्यासाठी जे लिहिलं, त्यातलं कितीतरी लांब श्वासाच्या गाण्यासारखं आहे. वाद्याला जे जमत नाही तेच त्यांनी त्याच्याकडून मागितलं. ते कसं साधलं जातं हे एकदा कळलं, की दीड-दोन तासांच्या रेसायटलमध्ये, म्हणजे एकट्या पियानोवादकाच्या मैफलीत, कान कुठे लावायचा हा प्रश्न बराचसा सुटतो.

एकट्यानं वाजवायची प्रथा

संपूर्ण संध्याकाळ एकाच वादकानं, एकाच पियानोवर वाजवायची, ही कल्पना दोनशे वर्षंही जुनी नाही. त्याआधीच्या मैफलीत पियानोवादकाबरोबर गायक, व्हायोलिनवादक, कधी अख्खा वाद्यवृंद असे आणि सगळे आलटून पालटून वाजवत. फ्रान्झ लिस्टनं १८३९ मध्ये रोममध्ये एकट्यानं वाजवून पाहिलं. ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समधल्या त्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत ‘रेसायटल’ हे नाव पहिल्यांदा झळकलं. पियानो आडवा ठेवून त्याचं झाकण श्रोत्यांच्या दिशेनं उघडायचं, ही आज सगळीकडे दिसणारी मांडणी रूढ करण्यातही लिस्टचा मोठा हात होता.

कागदाशिवाय, पाठ करून वाजवण्याच्या प्रथेत पियानोवादक क्लारा वीकचा वाटा फार मोठा आहे. पुढे ती संगीतकार शूमानची पत्नी, क्लारा शूमान म्हणून ओळखली गेली. १८३७ मध्ये बर्लिनमध्ये तिनं बेथोव्हेनचा ‘अपासियोनाता’ सोनाटा (मोठी वाद्यरचना) समोर कागद न ठेवता वाजवला, तेव्हा काहींना तो चक्क आगाऊपणा वाटला होता. ती साठेक वर्षं मंचावर वाजवत राहिली. गंभीर रचनांचा विचारपूर्वक लावलेला क्रम ही आजच्या रेसायटलची घडी मुख्यतः तिच्यामुळे बसली. लिस्टचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण रोजच्या व्यवहारात आपण जे रेसायटल ऐकतो ते लिस्टपेक्षा क्लाराचं जास्त आहे.

शोपँची तऱ्हा अगदी वेगळी. त्यानं आयुष्यभरात जेमतेम तीसेक जाहीर कार्यक्रम केले. त्याचं संगीत मोठ्या सभागृहासाठी जन्मलेलंच नाही. दिवाणखान्यात, पन्नास-शंभर माणसांसमोर, प्लेयेल कंपनीच्या हलक्या पियानोवर ते वाजत असे. आज तेच संगीत हजार खुर्च्यांच्या सभागृहात २७४ सेंटिमीटर लांबीच्या, जवळपास ४८० किलो वजनाच्या कॉन्सर्ट ग्रँडवर वाजवलं जातं. या फरकाचे परिणाम वादकाला प्रत्येक बारमध्ये (ठरावीक ठोक्यांच्या गटात) निस्तरावे लागतात.

मधल्या काळात वाद्य कसं बदललं तेही थोडक्यात पाहू. पियानो बनवणाऱ्या सेबास्तियाँ एरारनं १८२१ मध्ये दुहेरी सुटकेची यंत्रणा आणली. पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. लिस्टच्या रचनांमधले झपाट्यानं वाजणारे एकाच पट्टीचे स्वर या यंत्रणेवाचून कल्पनेतही आले नसते. हॅमरवर चामड्याऐवजी नमदा आला. लाकडी सांगाड्याच्या जागी एकसंध बिडाची चौकट आली. १८५९ मध्ये स्टाइनवे कंपनीनं ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरक्या नेण्याचं पेटंट घेतलं. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडच्या तारांचा एकूण ताण २० टनांच्या घरात असतो. शोपँच्या प्लेयेलला असला ताण सोसला नसता. त्याचा स्वर लवकर विझे. म्हणूनच शोपँनं लिहिलेल्या पेडलच्या लांब खुणा आज जशाच्या तशा पाळल्या तर गिचमिड होते.

पाय काय करतो

बहुतेक नवे श्रोते वादकाच्या बोटांकडे पाहतात. रोमँटिक संगीतात निम्मं काम उजव्या पायाचं असतं.

प्रत्येक स्वराच्या तारांवर एक डॅम्पर टेकलेला असतो. पट्टी दाबली की तो उचलला जातो, सोडली की परत तारांवर बसून आवाज बंद करतो. सगळ्यात वरच्या साधारण दीड सप्तकाला डॅम्पर नसतातच, कारण त्या आखूड तारा तशाही क्षणात गप्प होतात. उजवं पेडल सगळे डॅम्पर एकदम उचलतं. त्यातून दोन गोष्टी घडतात. बोट उचललं तरी स्वर चालू राहतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे: मोकळ्या झालेल्या बाकीच्या तारा न वाजवताच थरथरू लागतात. खर्जाचा एक स्वर वाजला की त्याच्या उपस्वरांशी जुळणाऱ्या वरच्या तारा त्याला साथ देतात आणि वरच्या सुरावटीला गोलाई येते.

पेडल स्वराबरोबर दाबायचं नसतं. नवा स्वर वाजतो त्या क्षणी पाय वर येतो, जुना सुरमेळ (एकत्र वाजणारे स्वर) पुसला जातो, आणि लगेच, पट्टी अजून दाबलेली असतानाच, पाय खाली जातो. हात खाली तेव्हा पाय वर, अशी ही उलटी चाल शिकायला विद्यार्थ्याला काही महिने लागतात. पाय लवकर खाली गेला तर मागच्या सुरमेळाचा चिखल पुढच्यात मिसळतो. उशिरा गेला तर खर्जाचा स्वर हातातून निसटतो आणि संगीत पायाखालची जमीन सरकल्यासारखं पोकळ होतं. शिवाय पाऊण, अर्धं, पाव पेडलही असतं, म्हणजे डॅम्पर तारांना नुसता चाटून जातो. कोरड्या सभागृहात जास्त पेडल लागतं, घुमणाऱ्या सभागृहात कमी. त्यामुळे घरी पक्की केलेली पेडलची योजना सरावाच्या दिवशी सभागृहात बदलावी लागते. रिकाम्या सभागृहात ठरवलेली योजना खुर्च्या भरल्यावर परत थोडी बदलते, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात.

डावं पेडल दाबलं की ग्रँड पियानोची अख्खी पट्ट्यांची रांग किंचित उजवीकडे सरकते. तीन तारांच्या स्वरांवर हॅमर आता दोनच तारांना पूर्ण लागतो, शिवाय नमद्याचा कमी वापरलेला, मऊ भाग तारेसमोर येतो. आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा पोत बदलतो. काही वादक बिचकून पूर्ण शांत तुकडा डाव्या पेडलवरच ढकलतात. बोटांनी हलकं वाजवणं अवघड असतं, म्हणून घेतलेली ती पळवाट असते आणि सरावलेल्या कानाला ती कळते.

एक नॉक्टर्न जवळून

शोपँचं ई फ्लॅट मेजर या स्केलमधलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांत भावाची रचना, ओपस ९ (प्रकाशित संचाचा क्रमांक) क्रमांक २, हे १८३२ मध्ये प्रसिद्ध झालं. ३४ बार, साडेचार मिनिटं. पियानो शिकणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी वाजवलेलं, म्हणून सोपं समजलं जाणारं. वर सांगितलेलं सगळं यात एकाच पानावर सापडतं.

डाव्या हाताचा साचा ठरलेला आहे: प्रत्येक ठोक्यात एक खर्जाचा स्वर आणि त्यानंतर वर दोन सुरमेळ. हात खर्जावरून उडी मारून वर जातो, मागे राहिलेला खर्ज फक्त पेडलच्या आधारावर उभा असतो. दोन सुरमेळांपैकी पहिला उडीच्या झोकात जोरात पडतो; ही नवशिक्याची हमखास चूक. तो पडला की डुलत्या लयीची लेफ्ट-राइट होते.

उजव्या हातात गाणं. ते एका खालच्या स्वरापासून मोठी झेप घेऊन सुरू होतं. गळ्याला अशी झेप घेताना कष्ट पडतात, वेळ लागतो. पियानोला काहीच कष्ट नसतात, दोन्ही पट्ट्या सारख्याच सोप्या. म्हणून चांगला वादक झेपेआधी अगदी जराशी सवड घेतो. शोपँ आपल्या शिष्यांना मोठे ऑपेरा गायक ऐकायला सांगत असे, ते याचसाठी.

चार बारची मूळ सुरावट या नॉक्टर्नमध्ये चार वेळा येते आणि दर वेळी नव्या अलंकारांनी सजून येते. पहिल्यांदा साधी. मग एखादी मुरकी, मग स्वरांची माळ. हे अलंकार शोपँनं स्वर न् स्वर लिहून दिले आहेत; वादक ते आयत्या वेळी रचत नाही, पण ते आत्ताच सुचल्यासारखे वाजवणं ही त्याची जबाबदारी. शेवटाजवळ एक स्वरगुच्छ पुन्हा पुन्हा फिरतो, तिथे ‘ठेका सोडून’ अशी सूचना आहे. बरेच जण तो एकाच वेगानं गरागरा फिरवतात. तो हळू सुरू होऊन, वेग घेऊन, परत निवला पाहिजे.

आता वजनाचा मुद्दा. अनेक रोमँटिक रचनांत सुरावटीचा स्वर बहुधा उजव्या हाताच्या चौथ्या-पाचव्या बोटावर येतो, म्हणजे सर्वांत दुबळ्या बोटांवर. त्याच हाताची बळकट बोटं त्या वेळी साथीचे स्वर धरून असतात आणि त्यांना आवरावं लागतं. जोरात वाजणाऱ्या स्वराचा हॅमर वेगानं जातो, म्हणून तो तारेवर सेकंदाच्या दोन-तीन शतांश आधी पोचतो. कानाला हा फरक वेळेचा म्हणून कळत नाही. सुरावट साथीच्या पुढे उभी आहे एवढंच जाणवतं. आणि लांब स्वर विझत आला की पुढचा स्वर त्या विझत्या पातळीशी जुळेल इतकाच वाजवायचा. पुढचा जोरात पडला की सुरावट मण्यांसारखी सुटी होते. पियानोवर ‘सलग’ ऐकू येणारी ओळ ही अशी स्वरागणिक केलेल्या मोजमापातून उभी राहते. वादक आधीच्या स्वराचं शेपूट ऐकत असतो. आपणही तेच ऐकायचं.

शोपँ वाजवताना लय ताणली-सैलावली जाते, तिला रुबातो म्हणतात. त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे शोपँचा आग्रह असा, की डाव्या हातानं वाद्यवृंदाच्या संचालकासारखी लय धरावी आणि उजव्यानं तिच्यावर मोकळं गावं. हे दोन हात वेगळे चालवणं फार कठीण आहे. म्हणून अनेक ठिकाणी दोन्ही हात मिळून रेंगाळताना ऐकू येतात. तसं थोडं चालतं. पण दर बारच्या शेवटी थांबणारा वादक ऐकून श्रोता दहा मिनिटांत कंटाळतो, आणि का कंटाळलो ते त्याला सांगता येत नाही.

एक नमुन्याचा कार्यक्रम

रोमँटिक रेसायटल साधारण असं बांधलं जातं. पहिल्या भागात शूमानचं ‘किंडरझेनेन’, शोपँचं वरचं नॉक्टर्न आणि त्याचंच जी मायनर बॅलड (कथाकाव्यासारखी मोठी रचना): एकूण पस्तीसेक मिनिटं. पंधरा-वीस मिनिटांचं मध्यंतर. दुसऱ्या भागात ब्राम्सचं ए मेजर इंटरमेझो (छोटी, अंतर्मुख रचना) आणि लिस्टचा बी मायनर सोनाटा, म्हणजे परत पस्तीसेक मिनिटं. वर एखाद-दोन एन्कोर, म्हणजे आग्रहाखातर वाजवलेल्या जादा रचना.

‘किंडरझेनेन’ हे १८३८ मधले १३ छोटे तुकडे. मोठ्या माणसानं बालपणाकडे वळून पाहावं तसे ते आहेत, मुलांनी वाजवायचे नाहीत. काही जेमतेम मिनिटभराचे. मध्ये टाळी नाही, कारण एकाच्या शेवटातून दुसरा उमलतो. सातवा ‘ट्रॉयमेराय’ सर्वांना ठाऊक असतो. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा वर चढते. पहिल्यांदा एका शिखरापर्यंत, दुसऱ्यांदा त्याहून वर, आणि शेवटी त्या वरच्याच शिखरावर, पण खाली वेगळा सुरमेळ आणि वर थांबण्याची खूण. त्या एका सुरमेळासाठी वादकानं आधीची सगळी ताकद राखून ठेवलेली असली पाहिजे. शूमाननं छापलेला वेग आज वाजतो त्यापेक्षा बराच जलद आहे. फार संथ वाजवलं की चढण विसरली जाते आणि उरतो नुसता गोडवा.

जी मायनर बॅलड, ओपस २३, १८३६ मध्ये प्रसिद्ध झालं. साडेनऊ मिनिटांची ही एकच सलग रचना आहे. सुरुवात दोन्ही हातांनी एकाच ओळीत, साथीशिवाय, आणि तीही मुख्य स्वरापासून दूरच्या ठिकाणी. मग सहा ठोक्यांच्या डुलत्या लयीत पहिली, उदास सुरावट. नंतर ई फ्लॅट मेजरमध्ये दुसरी, कोवळी. ही दुसरी सुरावट साधारण मध्यावर ए मेजरमध्ये पूर्ण ताकदीनं उसळते. शेवटी ‘प्रेस्टो कॉन फुओको’, म्हणजे आग असलेला अतिजलद, असा समारोप येतो: पन्नासहून जास्त बार, उजवा हात सतत खाली-वर झेपा घेतोय. इथे घसरलेल्या वादकाची चूक बहुतेक वेळा इथली नसते. चार मिनिटं आधी त्या ए मेजरच्या उसळीत मनगट आवळून ठोकलेलं असतं, तिथे आलेला ताठरपणा हातात राहतो आणि समारोपात बोटं ऐकेनाशी होतात. दमलेला हात जोरात वाजवू शकतो, पण जलद आणि हलका वाजवू शकत नाही.

ब्राम्सचं इंटरमेझो, ओपस ११८ क्रमांक २, हे १८९३ चं. ब्राम्स साठीत पोचला होता, आणि तो संपूर्ण संच त्यानं क्लाराला अर्पण केला. इथे दिखाऊ असं काहीच नाही. मधल्या सुरांकडे कान द्या: वरची ओळ चालू असताना अंगठ्याखाली दुसरी ओळ चाललेली असते. कमकुवत वादनात ती ऐकूच येत नाही.

लिस्टच्या सोनाटाला जास्त वेळ द्यायला हवा, कारण पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण तिथेच हरवतात. तो १८५३ मध्ये लिहून झाला, १८५४ मध्ये छापला गेला, शूमानला अर्पण केलेला. शूमान तोपर्यंत एंडेनिखच्या मनोरुग्णालयात दाखल झालेला होता. छापील प्रत घरी आली ती क्लाराच्या हातात. तिला तो मुळीच आवडला नाही, तसं तिनं डायरीत लिहूनही ठेवलं. पहिलं जाहीर वादन थेट जानेवारी १८५७ मध्ये बर्लिनमध्ये पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोनं केलं, बेखस्टाइन कंपनीच्या पहिल्या ग्रँड पियानोवर.

सुमारे तीस मिनिटं, ७६० बार, मध्ये थांबा नाही. पण सगळा डोलारा मूठभर बीजांवर उभा आहे आणि त्यातली तीन पहिल्याच पानांत येतात. पहिलं: खोल, दबलेले ठोके आणि त्यांमधून सावकाश उतरणारी स्वरपंक्ती. दुसरं: दोन्ही हातांनी सप्तकं ओलांडत मारलेल्या झेपा. तिसरं: खर्जात एकाच स्वराचे टोचणारे, पुन्हा पुन्हा येणारे ठोके. एवढी तीन ओळखता आली की पुढचं सगळं ओळखीचं होतं. साधारण साडेतीन-चार मिनिटांनी डी मेजरमध्ये भव्य, उजळ सुरावट येते. ही नवी आहे. त्यानंतर दोनेक मिनिटांनी एक अतिशय हळुवार गाणं सुरू होतं. ते नीट ऐका: तेच तिसरं, टोचणारं बीज संथ करून, खाली मऊ साथ घालून लिस्टनं गाणं केलं आहे. स्वर तेच, चेहरा पूर्ण वेगळा. अशा रूपांतरांवर हा सोनाटा चालतो. मध्यावर एफ शार्प मेजरमधला संथ भाग, मग दुसऱ्या-तिसऱ्या बीजांवर बांधलेला, कुजबुजत सुरू होणारा फ्यूग, म्हणजे एकच ओळ एकामागून एक येत स्वतःशीच गुंफली जाणारी रचना. त्यानंतर आधीचं बरंच काही परत येतं आणि शेवटच्या टप्प्यात सप्तकांचा, म्हणजे सप्तकाच्या अंतरावरच्या स्वरजोड्यांचा, प्रचंड झोत.

लिस्टनं आधी याचा शेवट दणदणीत लिहिला होता. हस्तलिखितात तो खोडलेला आहे. त्याजागी संथ, विरळ शेवट लिहिला आणि तो पहिल्या उतरत्या स्वरपंक्तीशी जाऊन मिळतो. झोतानंतर टाळ्या वाजवायचा मोह होतो. अजून काही मिनिटं बाकी असतात.

काय बिघडतं

स्मरण दगा देतं ते बहुतेक एका विशिष्ट ठिकाणी. तोच परिच्छेद रचनेत दोनदा येतो, पहिल्यांदा एका दिशेनं वळतो, दुसऱ्यांदा दुसऱ्या. बोटांची सवय चुकीच्या वळणावर नेते आणि वादक गरगर फिरून परत त्याच जागी येतो. लिस्टच्या सोनाटात अशा जागा भरपूर आहेत. उपाय म्हणून अनुभवी वादक रचनेचे वीस-तीस तुकडे पाडतात आणि कुठल्याही तुकड्यापासून सुरू करता येईल असा सराव करतात. अडखळलं तर मागे न जाता पुढच्या तुकड्यावर उडी मारायची. आता टॅबलेटवर स्वरलिपी ठेवून, पायानं पान उलटून वाजवणारेही पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही.

तार तुटते. बहुधा वरच्या भागातली पोलादी तार, सप्तकांच्या माऱ्यात. त्या स्वराच्या आणखी दोन तारा शाबूत असतात, त्यामुळे वादन चालू राहतं. मध्यंतरात तंत्रज्ञ तुटलेला तुकडा काढून टाकतो, नाहीतर तो बाजूच्या तारांवर खडखडतो.

सुरात लावणं हा मात्र रोजचा झगडा. कॉन्सर्ट ग्रँडमध्ये सुमारे २३० तारा असतात. मधल्या आणि वरच्या भागात एका स्वराला तीन तारा, आणि त्या तिन्ही अगदी एकसुरात हव्यात. त्यांत बारीक फरक पडला की लांब, शांत स्वर डुगडुगू लागतो. नॉक्टर्नसारख्या रचनेत हे सर्वांत आधी उघडं पडतं. कार्यक्रमाच्या दिवसाचा क्रम साधारण असा: सकाळी दीड-दोन तास ट्यूनिंग, मग वादकाचा दोन-तीन तास सराव, दारं उघडण्याआधी अर्धा तास फेरतपासणी, मध्यंतरात पाच-दहा मिनिटं फक्त सुटलेल्या तारांकडे लक्ष. नमदा कडक होऊन आवाज टणक झाला असेल तर हॅमरमध्ये सुया टोचून तो मऊ करतात. डावं पेडल दाबल्यावर नमद्याचा जो भाग तारेला लागतो तोही वेगळा तपासावा लागतो, रोमँटिक कार्यक्रमाला तर हमखास.

मुंबईसारख्या शहरात यात हवामानाची भर पडते. पियानोचा ध्वनिफलक स्प्रूस लाकडाचा, किंचित फुगीर बाकाचा असतो. पावसाळ्यात तो ओलावा पिऊन आणखी फुगतो, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. सगळीकडे सारखा चढत नाही, मधल्या भागात जास्त. म्हणून पियानो स्वतःशीच बेसूर होतो. एसीच्या कोरड्या हवेत उलट घडतं. एनसीपीए या कलाकेंद्रासारख्या समुद्राला खेटून असलेल्या ठिकाणी तर हवेतला ओलावा आणि खारेपणा बारमाही. पियानोला ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता मानवते, आणि त्यात ‘स्थिर’ हे जास्त महत्त्वाचं. सर्वांत मोठी चूक म्हणजे वीज वाचवण्यासाठी सकाळी एसी बंद ठेवून ट्यूनिंग करायचं आणि संध्याकाळी श्रोते आल्यावर एसी सोडायचा. सकाळची मेहनत पहिल्या भागातच वाया जाते. कार्यक्रमाला ज्या तापमानात वाजवायचं, त्याच तापमानात आदल्या दिवसापासून सभागृह ठेवावं. घरी पियानो असेल तर साधा आर्द्रतामापक आणि आत बसवायचा, हवा कोरडी ठेवणारा तापकांडीचा संच, एवढा खर्च टाळू नये. पट्ट्या चिकटायला लागतात त्यामागेही बहुधा ओलाव्यानं फुगलेलं लाकूड आणि आतलं कापड असतं. त्यावर तेल सोडणं हा उपाय नाही. त्यानं कापड कायमचं खराब होतं.

श्रोत्यासाठी

बोटं पाहायची असतील तर मंचाकडे तोंड करून डावीकडच्या खुर्च्या घ्याव्यात. वादकाचा उजवा खांदा आपल्याकडे असतो आणि पट्ट्यांची रांग डावीकडून दिसते. आवाजासाठी मध्यभाग किंवा किंचित उजवीकडची बाजू बरी, कारण उघडं झाकण आवाज त्या दिशेला परतवतं. पहिल्या दोन रांगांत आवाज डोक्यावरून जातो आणि पेडलची खटखट ऐकू येते.

जागेवर दाद द्यायची आपली सवय इथे आवरावी लागते. हा नियम सनातन नाही. एकोणिसाव्या शतकात श्रोते मध्येच टाळ्या वाजवत, आवडलेला भाग परत वाजवायला लावत. पण आजच्या वादकाचं संगीत विझत्या स्वरावर उभं असतं, आणि ‘वा’ नेमका तोच स्वर झाकतो. साधी खूण अशी: वादकाचे हात मांडीवर आले आणि पाय पेडलवरून उचलला गेला की मग टाळ्या. संचातल्या तुकड्यांमध्ये हात पट्ट्यांजवळच घुटमळतात. छापील कार्यक्रमपत्रिकेत एका ओपसखाली क्रमांक दिले असतील तर ते सगळे मिळून एक समजावेत.

जाण्याआधी तयारी करायची तर पूर्ण कार्यक्रम ऐकून संपवायची गरज नाही. नॉक्टर्न दोन वेगळ्या वादकांचं ऐका, आणि दोघांच्या फक्त पहिल्या चार बारची तुलना करा: खर्ज किती टिकतो, झेपेआधी किती सवड घेतली, लांब स्वरानंतरचा स्वर किती वजनाचा आला. मग लिस्टच्या सोनाटाची पहिली दोन मिनिटं, तीनही बीजं गुणगुणता येईपर्यंत.

एन्कोरची नावं कार्यक्रमपत्रिकेत नसतात. काही वादक सांगून वाजवतात, काही नाही. न सांगितलेलं आवडलं तर मध्यंतरापासून दाराशी उभ्या असलेल्या आयोजकांना विचारावं, बहुतेकदा त्यांना माहीत असतं.